कानसेनांची गाडी

"बाबा, तुझी गाडी किंचाळते," मुलगी म्हणाली आणि किल्ली टेबलावर टाकून हात धुवायला गेली.

कानसेन पेपर वाचत होते. पान उलटायचं राहून गेलं.

कानसेन हे नाव त्यांना शिंप्यांनी दिलं होतं. तानसेन होता आलं नाही तरी कानसेन व्हावं, अशी म्हण आहे. हा माणूस पोटासाठी कानसेन झाला होता. शिलाई मशीन दुरुस्त करणं हे त्यांचं काम. एकतीस वर्षं तेच. मशीनला हात लावण्याआधी ते म्हणत, "चालवा." मग मान तिरकी करत, डोळे मिटत. "हुक घासतोय," म्हणत. किंवा, "सुई वाकलीय." किंवा नुसतंच, "तेल." उघडून पाहिलं की तेच निघायचं. यांच्यापुढे मशीनलासुद्धा खोटं बोलता येत नाही, असं शिंपी म्हणत.

"कधी किंचाळते?" त्यांनी विचारलं.

"स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तशी."

"कालच फिरवलीय मी. काही नाही."

पत्नी भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "वर्ष झालं की हो."

"वर्ष?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार. सगळे आवाज तुम्हीच तर ऐकता."

चहा तसाच टाकून ते खाली उतरले.

गाडी अकरा वर्षांची. शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी बँकेचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं आणि समोरच्या कप्प्यात ठेवलं. ते अजून तिथेच होतं. मागच्या सीटवर मशीनची डोकी ठेवून ठेवून खड्डा पडला होता. तिथे बसणारा पाहुणा हमखास एका बाजूला कलायचा.

चौकातल्या गोलाला त्यांनी सात फेऱ्या मारल्या. काच वर, काच खाली. पंखा बंद. इंजिनाची घरघर होती, टायरची सळसळ होती. बाकी काही नाही. ते सुटल्यासारखे हसले. मग समोर लक्ष गेलं. बाकावर एक लहान मुलगी आइस्क्रीम खात होती. गाडी वळताना तिने आइस्क्रीम मांडीवर ठेवलं आणि दोन्ही कानांवर हात दाबले.

ते गाडी कडेला घेऊन बसून राहिले. मग त्यांना काजवाली आठवली.

काजवाली म्हणजे शर्टांच्या कारखान्यात काज करणाऱ्या मशीनवर बसणारी बाई. महिन्यापूर्वी तिने बोलावलं होतं. मशीन बारीक शिट्टी मारतंय, म्हणाली. कानसेनांनी ऐकलं. काही नव्हतं. आठवड्याने तिने पुन्हा बोलावलं, तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ताई, मशीन ठणठणीत आहे. तुमचे कान दाखवून या." सगळा हॉल हसला होता. तीही हसली होती, जरा उशिरा.

घरी आल्यावर ते बसले नाहीत. खिडकीपाशी गेले, दारापाशी आले. मिक्सर लावून पाहिला, बंद केला. घड्याळ कानाला लावलं. "काय शोधताय?" पत्नीने विचारलं. "चष्मा," ते म्हणाले. चष्मा डोळ्यांवर होता.

रविवारी मेव्हणा आला. त्याला नव्या गाड्यांचं भलतंच वेड.

"दाजी, आता काढा ही."

"फिटलेली गाडी आहे. जुनं ते सोनं."

"सोनं किंचाळत नाही हो."

सगळे हसले. कानसेनही हसले आणि म्हणाले, "चल, बघून येऊ." चार वर्षं ज्या माणसाने हा विषय काढू दिला नव्हता, तो आधी उठून बूट घालत होता.

शोरूममधल्या पोराने त्यांना नव्या गाडीत बसवलं. कानसेनांनी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं.

"सर, चालू होती. तुम्ही बंद केलीत."

मेव्हणा मागे फिदीफिदी हसला. कानसेनांच्या मात्र छातीवरचा दगड उतरला. या गाडीत कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. इथे सगळे सारखे. किंचाळणारी गाडी गेली की तिच्याबरोबर प्रश्नही गेला. मग "बाबा, तुला ऐकू येत नाही?" असं कोण कशाला विचारील? कान गेला हे शिंप्यांना कळलं, तर उद्यापासून फोन वाजणार नाही. कानसेनांकडे दुसरं होतं काय?

"आवडली," ते म्हणाले.

जुनी गाडी बदल्यात द्यायची ठरली. शोरूमच्या माणसाने ती आवारात वळवली आणि तोंड वाकडं केलं. "आवाज आहे हिला. माहीत असेलच तुम्हाला."

"हो तर," कानसेन म्हणाले. "बरेच दिवस ऐकतोय."

एवढं सरळ खोटं ते मशीनबद्दल कधी बोलले नव्हते. शनिवारी सही करायची ठरली. घरी येताना मेव्हणा नव्या गाडीचं कौतुक सांगत होता. त्यांच्या मनात एकच घोळत होतं: कानामागून आली आणि तिखट झाली. ते हसणार होते. हसू आलं नाही.

आठवडाभर हाताला चाळा. जेवताना बोटं ताटावर वाजायची. बोललेलं दोनदा सांगावं लागायचं; पण ते ऐकू न आल्यामुळे की लक्ष नसल्यामुळे, हे त्यांचं त्यांनाही कळेना.

गुरुवारी संध्याकाळी ते गाडी रिकामी करायला उतरले. डिकीत तेलाच्या बुधल्या, सुयांचे डबे, चिंध्या. तळाशी लांब पेचकस सापडला, लाकडी मुठीचा. तो त्यांच्या वस्तादांचा. वस्ताद त्याचं टोक मशीनला लावत आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवत. म्हणत, "गोंगाटात कान फसतो रे, हाड फसत नाही." तरुण कानसेनांना ती म्हाताऱ्याची कुबडी वाटायची. त्यांना कधी गरज पडली नव्हती.

त्यांनी मुलीला हाक मारली. बॉनेट उघडलं. "बस आत. चालू कर. मी सांगितलं की स्टिअरिंग फिरव."

पेचकसाचं टोक त्यांनी पट्ट्याच्या पुलीजवळच्या बोल्टवर टेकवलं. मूठ हाडावर.

"फिरव."

आधी काहीच नाही. मग दाढांमध्ये वाळू चावल्यासारखी कचकच आली. बारीक, दुष्ट, सलग. त्यांनी मूठ काढली. गेली. टेकवली. आली.

"आता किंचाळतेय बघ!" मुलगी आतून ओरडली. मग इंजिन बंद करून ती बाहेर आली. "बाबा, तुला खरंच ऐकू येत नाही?"

"बेअरिंग गेलंय," कानसेन म्हणाले.

"मी गाडीचं विचारत नाहीये."

ते मूठ पुसत राहिले. "नाही येत," शेवटी म्हणाले.

शुक्रवारी सकाळी ते कारखान्यात गेले. कुणी बोलावलं नव्हतं. काजवालीने त्यांना पाहून मशीन थांबवलं.

"कानसेनभाऊ, आज कशी वाट चुकलात?"

"चालवा जरा."

तिने पायाने दाब दिला. त्यांनी डोळे मिटले नाहीत, मान तिरकी केली नाही. पेचकस काढला, टोक मशीनच्या अंगाला लावलं, मूठ हाडावर. शेजारच्या दोन बायका काम थांबवून पाहू लागल्या. त्यांनी टोक इंचभर सरकवलं. पुन्हा इंचभर. तिसऱ्या जागी दाढांत वाळू आली.

"शिट्टी आहे," ते म्हणाले. "पहिल्यापासून होती. तुमचे कान चांगले आहेत, ताई. दाखवायचे होते ते माझे."

कुणी हसलं नाही. मालक दारात उभा होता. त्याने ऐकलं की नाही, चेहऱ्यावरून कळेना. तो आत गेला.

काजवालीने कपाळावरचा घाम पुसला. "महिनाभर मी रोज घरी जाऊन कानात तेल घालतेय," ती म्हणाली. "बाटलीभर तेल देणं लागता तुम्ही."

"देईन."

"आणि माझ्यावर सगळ्यांना हसवलंत त्याचं?"

त्यांनी मशीन उघडलं. बेअरिंग बदललं, पुन्हा पेचकस लावला. हाड शांत होतं. तरी त्यांनी तिला विचारलं, "गेली?"

तिने ऐकलं. खूप वेळ ऐकलं, मुद्दाम. "गेली."

बाहेर येऊन त्यांनी शोरूमला फोन केला. उद्या येत नाही, म्हणाले. पोराने कारण विचारलं. "अजून ऐकतोय तिला," ते म्हणाले आणि फोन ठेवला. पुढच्या कामाचा फोन येईल की नाही, ते त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी गाडी काढली. फाटकातून वळताना वरची खिडकी उघडली. काजवाली हात हलवून काहीतरी ओरडत होती. त्यांनी काच खाली केली.

"काय?"

"अहो, गाडी ओरडतेय तुमची! गल्लीभर!"

"आता?"

"आता!"

कानसेनांनी कान लावावा तसा डावा तळवा स्टिअरिंगच्या दांड्यावर घट्ट दाबला, स्टिअरिंग सरळ केलं आणि पुन्हा हळूच फिरवलं.

"आणि आता?"