औषध नव्हे हो, चूर्ण आहे

"ड्रग इंड्यूस्ड हिपॅटायटिस," डॉक्टर म्हणाले, आणि माझा चेहरा बघून त्यांनी लगेच मराठीत सांगितलं, "म्हणजे औषधामुळे यकृताला सूज आलीय. वहिनी, नीट आठवून सांगा. हे घरी कुठलं औषध घेत होते?"

मी म्हटलं, "कुठलंच नाही हो. डोकं दुखलं तरी गोळी घेत नाहीत."

अगदी ठासून सांगितलं मी. तेव्हा माझ्या हातात पिशवी होती, पिशवीत थर्मास होता आणि थर्मासात कोमट पाण्यात कालवलेलं चूर्ण होतं. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले आणि मी ते चूर्ण पेल्यात ओतून ह्यांना पाजलं.

मी खोटं बोलत नव्हते. आमच्याकडे औषध म्हणजे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेलं. गोळी, इंजेक्शन, बाटलीतलं लाल पाणी. चूर्ण, काढा, मध-आलं याला कोण औषध म्हणतं? तुमच्याही घरी असंच असणार, म्हणून तर इतक्या वर्षांनी हे लिहायला बसले आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही अंबरनाथला कानसईत राहायचो. आमचे हे एमआयडीसीतल्या प्लेटिंगच्या कारखान्यात फोरमन होते. वजन पंच्याण्णव किलो, उंची बेताची, आणि त्याचा त्यांना काडीचाही संकोच नव्हता. पोटावर शेवेची वाटी ठेवून टीव्ही बघायचे. मी म्हणायचे, आपल्याला टेबल घ्यायची गरजच नाही. मग एकदा कारखान्याचा जिना चढताना त्यांना अशी धाप लागली की दोघांनी धरून खाली बसवलं, आणि दुसऱ्याच दिवशी मी त्यांना आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं.

त्या डॉक्टरांनी फार आपुलकीनं समजावलं. लठ्ठपणात शरीरात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो, म्हणाले. म्हणजे काय, तर पेशींची नासधूस करणारे पदार्थ जास्त तयार होतात आणि त्यांना आवरणारी आपली शक्ती कमी पडते. "सोपं करून सांगतो," ते म्हणाले, "आतून गंज चढतो." रोज पाऊण तास झपाझप चाला, तळलेलं बंद, पालेभाज्या आणि फळं भरपूर, आणि तीन महिन्यांनी या, एवढंच सांगितलं. गोळी एकही दिली नाही.

गंज! दुसरा कुठलाही शब्द चालला असता. ह्यांचा सगळा जन्म गंज काढण्यात गेलेला. कारखान्यात गंजलेला जॉब आला, म्हणजे लोखंडाचा सुटा भाग, की तो आधी ॲसिडच्या टाकीत बुडवायचा, त्याला ते पिकलिंग म्हणतात. गंज जितका जुना तितकं ॲसिड कडक. मग धुवायचा, घासायचा, तेव्हा कुठे त्यावर निकेल चढतं. रस्त्यानं घरी येतानाच ह्यांचा हिशोब तयार होता. "चालणं ठीक आहे गं, ते घासण्यासारखं झालं. पण आधी पिकलिंग नको का?"

ते पिकलिंग बदलापूरहून आलं. माझी नणंद तिथे राहते. तिच्या शेजारणीचं वजन एका चूर्णानं उतरलं होतं. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जडीबुटीचं एक दुकान होतं, तिथे ते मिळायचं. आम्ही दोघं गेलो. दुकानदार सिंधी, वयस्कर, बोलायला गोड. "आधा चम्मच, भाभीजी, सुबह खाली पेट. इससे ज़्यादा नहीं." डब्यावर ना कागद ना नाव. मीही विचारलं नाही.

आठवडाभर अर्धा चमचा झाला. मग हे म्हणाले, "वीस वर्षांचा गंज अर्ध्या चमच्यानं निघतो होय?" अर्ध्याचा एक झाला, एकाचे दोन, दोनाचे तीन. चालणंही पाऊण तासावरून दोन तासांवर गेलं. मी अडवलं का? नाही. मी उलट चमचा शीग लावून भरायचे. वजन भराभर उतरत होतं, पँटी आत घ्याव्या लागत होत्या, आणि मी शेजारणींना मिरवून सांगत होते.

दोन महिन्यांनी जेवण जाईना. मला वाटलं, भूक मेली म्हणजे चूर्ण लागू पडतंय. अंगाला खाज सुटली, ती घामावर ढकलली. लघवी चहासारखी व्हायला लागली, ती उन्हाळ्यावर. आता हे लिहिताना माझं मलाच खरं वाटत नाही. एके सकाळी दाढी करताना हे आरशातून म्हणाले, "अगं, बल्ब बदललास का? सगळं पिवळं दिसतंय." मी त्यांना वळवून डोळ्यांत पाहिलं. डोळे हळदीत बुडवल्यासारखे झाले होते.

त्याच दिवशी उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात दाखल केलं. रक्त तपासलं. एसजीपीटी म्हणून एक तपासणी असते, यकृताच्या पेशी फुटल्या की ती वाढते. चाळीसच्या आसपास असायला हवी होती, ती बाराशेच्या वर होती. बिलिरुबिन, म्हणजे ज्यानं कावीळ दिसते ते, चौदा. कावीळ पाण्यातून झाली असेल म्हणून आणखी तपासण्या केल्या, त्यात काही निघालं नाही. मग डॉक्टरांनी औषधाचं विचारलं, आणि मी ते उत्तर दिलं.

त्यानंतर तीन दिवस मी रोज सकाळी अंबरनाथहून दोन रिक्षा बदलून थर्मास घेऊन जात होते. तिथे तीन चमचे नको, म्हणून एकच घालायचे. तेवढीच अक्कल. सलाइन चालू, इंजेक्शनं चालू, आणि रिपोर्ट रोज आदल्या दिवसापेक्षा वाईट. डॉक्टर केसपेपर उलटसुलट करायचे. "बंद करायला तर कुठलं औषधच नाही, मग वाढतंय कशानं?" मीही त्यांच्याबरोबर काळजीत पडायचे. देवा!

चौथ्या सकाळी सिस्टर सलाइनची बाटली बदलायला आल्या. कोकणातल्या होत्या, बोलायला तिखट. मी पेला ह्यांच्या तोंडाला लावत होते.

"ह्यां काय पाजतास?"

"काही नाही, चूर्ण."

"कसला औषध?"

"औषध नव्हे हो, चूर्ण आहे. वजनाचं."

त्यांनी पेला माझ्या हातातून काढून घेतला. ओरडल्या नाहीत, तेच जास्त भयंकर वाटलं. पेला तसाच धरून त्या डॉक्टरांना बोलवायला गेल्या.

डॉक्टरांनी पेल्याचा वास घेतला, थर्मासात डोकावले. "किती दिवस?" मी सांगितलं. "इथे आल्यावरही?" मी मान हलवली. ते खुर्चीवर बसले. "वहिनी, मी औषध विचारलं होतं." एवढंच बोलले. मला वाटलं, कुणी माझ्या कानफटात मारली असती तर बरं झालं असतं. ज्याला वाचवायला रोज धावत येत होते, त्याला मीच बुडवत होते, तेही कपाळाला हात लावून, ताप आहे का बघून, तोंड पुसून.

त्यांनी मला चूर्णात काय आहे ते विचारून यायला पाठवलं. कॅम्प पाचच्या त्या दुकानदाराचा चेहरा माझं ऐकताना पांढराफटक पडला. "मैंने आधा चम्मच बोला था, भाभीजी." मग म्हणाले, "नौ-दस जड़ी है. गुग्गुल है, बाकी का नाम मुझे भी नहीं मालूम. माल तैयार आता है. मैं खुद लेता हूँ." माझ्यासमोरच त्यांनी फळीवरून बरणी खाली उतरवली. भांडायला गेले होते मी, पण भांडण सुचेना.

डॉक्टरांनी पुढचं स्पष्ट सांगितलं. नेमकं कशानं झालं ते शंभर टक्के सांगता येणार नाही, पण चूर्ण सोडून दुसरं कारण दिसत नाही. प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, लांबला होता. यकृत आणखी खचलं तर गुंगी येते, मग बेशुद्धी, आणि तिथून माणूस परत येईलच असं नाही. "रोज सकाळी ह्यांची सही घ्या," ते म्हणाले, "अक्षर बिघडायला लागलं तर ती गुंगीची सुरुवात, मला लगेच सांगा."

तर मी वहीच्या पानावर रोज सही घ्यायचे. ह्यांची सही मोठी, ऐटबाज, खाली दोन रेघा मारणारी. पाचव्या दिवशी रेघा विसरले. सहाव्या दिवशी आडनाव अर्धंच लिहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "शिफ्ट सुटली का?" मी डॉक्टरांना सांगून आले आणि बाहेर बाकावर तोंडात पदर कोंबून रडले. सातव्या दिवशी आडनाव पुरं आलं, वाकडंतिकडं. नवव्या दिवशी दोन्ही रेघा. त्या रेघा बघून सिस्टरनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मी त्यांच्या पाया पडायला गेले तर रागावल्या.

महिन्यानं घरी आलो. डॉक्टरांचे, त्या सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही. कुणी विचारलं तर मी एकच सांगते, दवाखान्यात जाताना जे जे तोंडात घालता ते सगळं पिशवीत भरून न्या. चूर्ण, काढा, सगळं. औषध कुठलं ते त्यांना ठरवू द्या. आणि वजनासाठी चालायचं, रोज, बेतानं. ह्यांचं वजन पुढे दीड वर्षात तेवढ्यावरच उतरलं. घाई करणाऱ्यांना हे स्वतःच सांगायचे, "जॉब टाकीत जास्त वेळ राहिला की ॲसिड लोखंडच खातं. पोरांना ओरडायचो मी त्यावरून, आणि स्वतःच बुडून बसलो."

पण माझ्या पोटात एक गोष्ट सलत होती. हॉस्पिटलातही मीच पाजत होते, हे त्या गुंगीनंतर त्यांच्या लक्षात नसणार, असं मला वाटायचं. एका संध्याकाळी शिवमंदिराच्या रस्त्यानं चालताना मी सांगून टाकलं.

"माहीत आहे की," हे म्हणाले. "ते प्यायलं की पोटात असं ढवळायचं! दुसऱ्याच दिवशी वाटलं होतं, नको हे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू उन्हातानातनं दोन-दोन रिक्षा बदलून आणायचीस. नको कसं म्हणायचं?"

मी भर रस्त्यात त्यांच्यावर इतकी ओरडले की लोक थांबून बघायला लागले. लग्नाला बावीस वर्षं झाली आणि माझी भीड? जीव गेला असता तरी पीतच राहिला असतात का? ते मला हाताला धरून पुढे नेऊ लागले. पण पीत राहिलो असतो, हे त्यांच्या तोंडावर मला स्वच्छ दिसत होतं.