उंबऱ्यातला तक्क्या

खाला गेली, हे औशाहून तिच्या सुनेनं फोनवर सांगितलं तेव्हा मी लेकीसाठी पेज निववत होते. महिना होत आला, तरी ते वाक्य कानातून जात नाही. आदल्याच दिवशी बोलली होती ती माझ्याशी... “उद्या येते,” म्हणाली होती.

रशीदाखाला आमची औशातली शेजारीण. भूकंपाच्या साली मला सातवा महिना लागलेला. भिंतींची अशी धास्ती बसली होती की सगळी गल्ली पत्र्याच्या शेडमध्ये. आडवी झाले की माझा दम कोंडायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं ठीक आहे, कुशीवर झोपा. अहो, पण झोप यायला हवी ना! खालानं मला शेडच्या दारात बसवलं, तोंड बाहेर, छातीशी तक्क्या. मागं बसून बरगड्यांवर तळवे ठेवले. दाबणं नाही, रगडणं नाही. माझ्या श्वासाबरोबर तिचे हात नुसते हलायचे. “पोट अल्लाचं, पाठ माझी. सोड श्वास, बेटी. दार उघडं हाय.” तक्क्यावरच झोपले मी, लाळ गळेस्तोवर.

तिची स्वतःची लेक भूकंपाच्या पट्ट्यात दिलेली, तीही गरोदर. “अम्मी, लई दम लागून राहिला, ये ना,” असा निरोप आला होता. बाजाराचा दिवस म्हणून खालानं “उद्या येते” कळवलं, अन् दुसऱ्या पहाटे भूकंपात भिंत लेकीच्या अंगावर आली. “तिची पाठ राहून गेली,” एवढंच म्हणाली मला, भाजी निवडता निवडता. त्यानंतर तिनं कुणालाच ‘उद्या’ म्हटलं नाही.

पुढं आम्ही लातुरात आलो. गल्लीत घरोघरी क्लासच्या पोरांच्या खोल्या झाल्या. कुणाच्या गरोदर सुनेला झोप नाही म्हटलं की खाला एसटीनं हजर, तक्क्या काखेत. तो ती कुणाच्या हाती द्यायची नाही. पोरं चिडवायची, “खाला, गादी विकता का?” “हाव, घे की! पुस्तकावर घोरतोस त्यापेक्षा बरी!”

गेल्या महिन्यात लेक बाळंतपणाला आली आणि तिचाही दम कोंडायला लागला. खालाला फोन केला, तर तिलाच धाप. तरी “उद्या येते” म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ‘उद्या’.

दुसऱ्या दिवशी सुनेचा तो फोन आला. गरोदर बाईला असली बातमी कशी सांगावी? “खालाला भेटून येते,” म्हणून औशाला निघाले. सुनेनं तक्क्या हवाली केला. “आमच्यात कुणालाच येत न्हाई ते.” मला तरी कुठं येतंय!

संध्याकाळी लेकीला उंबऱ्यात बसवलं, तोंड बाहेर. मागं बसून तळवे ठेवले. तिचा श्वास कुठं, माझे हात कुठं...

“झोप येतीय का गं?”

“न्हाई. खाला कधी येणार?”

“उद्या,” म्हणाले.

तिनं छातीशी धरलेल्या तक्क्याकडं पाहिलं, आणि माझ्या तळव्यांखाली तिची पाठ हुंदक्यांनी हलायला लागली.