घोडीपुढे चालताना मागे बघायचं नाही

आमची घोडी भीमथडी जातीची. उंचीला जेमतेम माझ्या खांद्याएवढी, पोट घागरीसारखं, आणि तोंड असं की कोणी तरी झोपेतून उठवलंय. मुरुडला येणारे मुंबईकर विचारतात, हे पिल्लू आहे का? मी सांगते, पिल्लू नाही, तुम्हा सगळ्यांना टांग्यात घालून वाळूतनं ओढेल, बसा आणि गप्प राहा.

ती आली धनगरांकडून. भातकापणी झाली की घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन खाली उतरतात. आम्ही शेतात त्यांच्या मेंढ्या बसवून घेतो, लेंडीखत मिळतं. एका वर्षी नवऱ्याने ही घोडी पाहिली. पाठीवर भांडी, घोंगड्या, कोंबड्या असं सगळं बिऱ्हाड घेऊन चालली होती. त्याला ती आवडली आणि त्याने ती घेतली. मला विचारलं नाही. लग्न ठरलं तेव्हाही विचारलं नव्हतं.

घरी आणायला निघाला तर ती पावला-पावलाला थांबायची. शेवटी एक धनगरीण हसत आली. त्यांच्यात पुरुष मेंढ्यांमागे जातात आणि घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढच्या मुक्कामाला न्यायचं काम बायांचं. तिने नवऱ्याकडे बघितलंही नाही, मला सांगितलं, "दोर धरून म्होरं चालायचं. मागं बघू नगंस. मी मुक्कामाला पोचले की वझं उतराया मागं वळते. तोंड दिसलं की हिला वाटतं, मुक्काम आला."

नवऱ्याला हे जन्मात जमलं नाही. आपल्यामागे कोणी येतंय की नाही हे बघितल्याशिवाय पुरुषाला चैन पडत नाही. मग त्याने तिला टांग्याला जुंपलं. टांग्यात हाकणारा मागे बसतो, पुढे कोणाचं तोंड नाही, त्यामुळे ती सरळ जाते. नवरा गेल्यापासून टांगा मी हाकते, आणि शेतावर जायचं असलं की तिच्या पाठीवर बसूनच जाते. माझे गुडघे गेलेत, तिचे शाबूत आहेत.

मुलगा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. गवत खाणारी गाडी त्याला गाडी वाटत नाही. गेल्या उन्हाळ्यात तो म्हणाला, आता विकू या, माथेरानचा एकजण घ्यायला तयार आहे. मी नाही म्हटलं. त्याच सुमारास आळीतल्या एका लग्नाला वरातीसाठी घोडी मागितली. मुलगा म्हणाला, ठीक आहे, ही नवरदेवाला धड मांडवापर्यंत घेऊन गेली तर मी विकायचं नाव काढणार नाही. नाही गेली तर सोमवारी माथेरानवाला येईल. मी हो म्हटलं.

एवढ्यात नवरदेवाची आत्या घरी आली. म्हणाली, घोडी पाठवा, तुम्ही मात्र मागनं या, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या कपाळाला कुंकू नाही, आणि वरातीच्या पुढे विधवा चालत नाही. मी म्हटलं, वाईट कशाला वाटेल, मला उन्हात चालायची हौस नाही.

म्हणजे दोर मुलाने धरायचा. मी त्याला धनगरणीचं सांगणं सांगितलं. तो म्हणाला, "आये, मी चाळीस फुटी ट्रेलर मागे घेतो. तू मला घोडी शिकवतेस?"

ट्रेलर मागे घेणारा माणूस आरशात बघितल्याशिवाय कसा राहील? नवरदेव बसला, वरात निघाली, मुलाने मागे बघितलं, घोडी थांबली. त्याने ओढली, चालली. त्याने बघितलं, थांबली. त्यात बँड सुरू झाला आणि सगळी पोरं नवरदेवाकडे तोंड करून, उलटी चालत नाचायला लागली. एवढी तोंडं घोडीने एका जागी कधी बघितली नव्हती. तिची खात्रीच पटली, मुक्काम आला. तिने चारी पाय रोवले आणि ओझं उतरावं म्हणून अंग झाडायला सुरुवात केली. ओझ्याने तिची मान धरली. मुंडावळ्या त्याच्या तोंडात गेल्या.

कोणी गूळ दिला, कोणी मागून ढकललं. गूळ तिने खाल्ला. मुलीकडच्यांचे फोनवर फोन येऊ लागले, मुहूर्त जवळ आला होता. मी मागे बायकांत उभी होते. मुलगा आला आणि दोराचं टोक माझ्यापुढे धरलं.

मी म्हटलं, "मला नको विचारू. आत्याबाईंना विचार."

आत्याने नवरदेवाकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, "चला वहिनी. पण पदर घ्या डोक्यावर."

"पदर घेते. मागे मात्र बघणार न्हाय, मला कोणी हाका मारू नका."

नाचणाऱ्यांना मी घोडीच्या मागे घातलं, दोर धरला आणि चालू लागले. घोडी निघाली. पुलावरून गेलो, मच्छीबाजारावरून गेलो. बँड हळूहळू बारीक झाला. मला वाटलं, दमले असतील.

मांडवाच्या दारात नवरीची आई ओवाळायचं तबक घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे. "वऱ्हाड कुठाय?"

मी न वळताच विचारलं, "काय रे नवरदेवा, मागे कोण हाय का?"

"कोण न्हाय, आजी. बाजाराशीच नाचत ऱ्हायले सगळे."

"मग सांगायचं न्हाय?"

"तुम्हीच म्हणालात, हाका मारू नका."

कोणाला ओवाळावं हे त्या बाईला कळेना, म्हणून तिने घोडीपासून सुरुवात केली. घोडीने तबकातलं विड्याचं पान खाल्लं. बऱ्याच वेळाने आत्या चपला हातात घेऊन धापा टाकत आली. मुहूर्त टळला नव्हता. पंगतीत माझ्या पानात जिलब्या आत्याने स्वतः वाढल्या, आणि उरलेल्या बांधूनही दिल्या.

घरी परतताना मी घोडीवर बसले, मुलगा दोर धरून पुढे. ताठ मानेने, समोर बघत म्हणाला, "माथेरानवाल्याला सांगतो, येऊ नको म्हणून."

थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "आये, हायस ना?"

तोंडात जिलबी होती, मी उत्तर दिलं नाही. त्याने आणखी एकदा विचारलं, जरा मोठ्याने. पण मान काही वळवली नाही.