सिट डाऊन
व्हाइटबोर्डच्या मार्करचा वास आला की मला शिळफाट्यावरचा आमचा संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग आठवतो. खाली गाडीवर वडे तळत असायचे आणि वर एकाच खोलीत बायकांच्या तीन रांगा: पुढची ‘ऊठ, बस’ अशी हुकमाची वाक्यं शिकणारी, मधली आमची, काल काय केलं ते सांगणारी, आणि मागची जर-तरची लांब वाक्यं जुळवणारी. मागच्या रांगेतलीनं पुढचीचा सराव घ्यायचा, हा मॅडमचा नियम. एकदा साजगावच्या कारखान्यातून थेट वर्गात आलेल्या, मागच्या रांगेतल्या एका सुनेच्या वाट्याला पुढच्या रांगेतली तिची सासूच आली. आता सासूला हुकूम सोडायचा कसा? आम्ही सगळ्या माना वळवून बघत राहिलो. “प्लीज, स्टँड अप,” सून पुटपुटली. सासू हसत उठली. मग सासूची पाळी. “सिट डाऊन!” तिनं ठणकावलं. सून बसली, सासू उभीच. पुढचा हुकूम काही येईना. “आता स्टँड अप म्हणा,” मॅडमनी सुचवलं. “नाय म्हनायची,” सासू म्हणाली, “सकाळपासून मशिनीपुढं उभीच हाय ती.” आता मी मागच्या रांगेतली वाक्यं सहज बोलते, पण त्या दिवशी घरी गेल्यावर भाकऱ्या कोणी थापल्या, हे विचारायचं राहूनच गेलं.