डावीकडची सीट

या सदरातले अनुभव मी आवर्जून वाचते, पण ते चुका काढायला. हे आधीच कबूल केलेलं बरं. कुणाला तिठ्यावर पांढरी साडी दिसली की मी मनात म्हणते, बाई गं, आधी डोळे तपासून घे. जालन्यात माझं औषधांचं दुकान आहे. पुरावा असल्याशिवाय मी खोकल्याच्या औषधावरसुद्धा विश्वास ठेवत नाही. वाढले तेही अशाच घरात. पप्पा भोकरदन तालुक्यात विज्ञानाचे शिक्षक होते. कुठल्या गावात भानामतीची बोंब उठली की पप्पा पिशवी घेऊन निघाले... डोळ्यातून खडे कसे काढतात, कपडा आपोआप कसा पेटतो, सगळं शाळेच्या पटांगणात करून दाखवायचे. घरात नवस नाही, अंगारा नाही, कधी कुणाची दृष्टही काढली नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न — कशावरून?

म्हणून हे लिहिताना ओशाळल्यासारखं होतंय. पण वर्ष होत आलं तरी डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आई जाऊन आठ महिने झाले होते. पप्पा भोकरदनला, जाफराबाद रस्त्याच्या घरात एकटे. वय एकाहत्तर, आणि गाडी चालवणं सोडायला तयार नाहीत. आईच्या माघारी दोनदा गाडी घासली होती — एकदा स्वतःच्याच फाटकाला, एकदा रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रॉलीला. मी बोलले, तर म्हणाले, "ट्रॉलीवाल्यानं मागं लाल कापड लावलं नव्हतं." जणू भर दुपारी एवढी मोठी ट्रॉली कापडाशिवाय दिसतच नाही!

पुण्याच्या भावानं आणि मी मिळून त्यांना गाडी विकायला कसंबसं तयार केलं. वाटूरचे एक जण रविवारी गाडी बघायला येणार होते. मला पक्कं माहीत होतं, हा सौदा फिसकटला तर पप्पा पुन्हा कुणाचं ऐकणार नाहीत, आणि एक दिवस मला कुणा अनोळखी माणसाचा फोन येईल. त्या फोनच्या धास्तीनं अनोळखी नंबर दिसला की मी समोरचं गिऱ्हाईक सोडून आधी फोन उचलायचे.

गुरुवारी मी भोकरदनला पोचले, गाडीचं दार उघडलं आणि कपाळाला हात लावला. सीटा चामड्याच्या — फिक्या बिस्किटी रंगाच्या, बारीक बारीक छिद्रांच्या. पप्पांचा मोठा अभिमान. आपल्याकडच्या उन्हानं त्या तडकायला लागल्या तेव्हा साहेबांनी उपाय शोधला — खोबरेल तेल.

"चपलेला चालतं, डोक्याला चालतं, मंग सीटला काय झालं?"

तेल मुरलं, त्यावर धूळ बसली, आणि सीटा मिसरी लावलेल्या दातांसारख्या काळ्या झाल्या. लोकांच्या भानामत्या उतरवणाऱ्या माणसाचं हे विज्ञान!

मी चामड्यासाठीचं सौम्य क्लीनर, मऊ ब्रश, सुती फडकी आणि शेवटी लावायचं कंडिशनर असं सगळं घेऊन गेले होते. गाडी लिंबाच्या सावलीत लावली, कारण तापलेल्या चामड्यावर औषध वाळून डाग पडतात. आधी छिद्रांतली माती व्हॅक्यूमनं ओढून घेतली. मग सीटखाली, जिथं कुणाला दिसत नाही तिथं, थोडंसं लावून रंग जातो का ते पाहिलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्लीनर थेट सीटवर मारायचं नाही, फडक्यावर घ्यायचं. छिद्रांतून ओल आत गेली की फोम कुजतो, आणि पुढच्या सीटखाली सेन्सर असतो. कुणी बसलंय आणि पट्टा लावला नाही, हे त्यालाच कळतं. मग तो टुंग टुंग करत बसतो.

हे सगळं मला माहीत होतं. ड्रायव्हरची सीट आणि मागची सीट अगदी नियमानं केली. मग पुढची डावीकडची सीट. आईची.

डोकं टेकायच्या उशीवर एक गोल तेलकट डाग होता. हा पप्पांच्या तेलाचा नव्हता. आईच्या अंबाड्याचा होता. गिऱ्हाईक येणार, पुसायला तर हवाच होता... आणि मला रडू फुटलं. आई गेली तेव्हा पाहुणे, चहा, कागदपत्रं यांतच माझं रडायचं राहून गेलं होतं. ते त्या दिवशी निघालं. हात नुसता चालत राहिला, बाटली सरळ सीटवर मारत राहिला. भानावर आले तेव्हा सीट ओलीचिंब होती. घाईघाईनं टिपलं, दारं उघडी टाकून पंखा लावला. पप्पांना काही सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी पप्पा भाजी आणायला म्हणून गाडीत बसले. मी अंगणात होते. गाडी चालू झाली, आणि आतून आवाज — टुंग, टुंग, टुंग. डावीकडच्या पट्ट्याचा. सीटवर कुणी नाही, पिशवीसुद्धा नाही.

"सुजाता! पाणी पाजलं का काय सीटला?"

मी कबूल केलं. पप्पांनी डोळे किलकिले करून त्या रिकाम्या सीटकडे पाहिलं आणि खिशातून चष्मा काढून डोळ्यावर चढवला. आवाज थांबला.

आता हे सांगायला हवं. आईची एक खोड होती. पप्पा चष्मा न लावता गाडी चालवायचे, आणि आई शेजारी बसून पट्टा लावायचीच नाही. टुंग टुंग चालू. पप्पा वैतागायचे, "अगं, लाव की पट्टा!" तिचं ठरलेलं उत्तर — "आधी तुम्ही चष्मा लावा, मंग मी पट्टा लावते." असं आम्ही शंभरदा पाहिलं होतं, हसलो होतो. पण त्या सकाळी पप्पाही हसले नाहीत, मीही नाही. "ओल सरकली असंल," ते म्हणाले, आणि भाजी न आणताच घरात गेले.

त्या दिवशी मला कुठंच चैन पडेना. दर तासाला जाऊन सीट चाचपत होते. गिऱ्हाईकासमोर वाजलं तर? विक्री मोडली तर ती माझ्या हातानं मोडणार होती. संध्याकाळपर्यंत सीट खडखडीत वाळली. मी ड्रायव्हरच्या जागी बसून गाडी चालू करून पाहिली, शांत. पप्पांना बोलावलं. माझ्या जागी ते बसले — टुंग, टुंग. चष्मा डोळ्यावर होता, तरीही! मी बसले, शांत. ते बसले, पुन्हा तेच. आम्ही अकरा वेळा अदलाबदल केली, मी मोजली. पप्पांनी वजनाचं कारण सांगितलं, मग बॅटरीचं, मग वायर दबण्याचं. प्रत्येक कारण देताना त्यांचा आवाज चढत होता.

शनिवारी सकाळी अस्लमभाई आले. गॅरेजवाले. पप्पांचेच जुने विद्यार्थी, आता पन्नाशीला टेकलेले. त्यांनी सीटखाली हात घालून प्लग सोडवला आणि वायरचं टोक आम्हाला वर धरून दाखवलं.

"हे बघा सर, कनेक्शनच काढलं. आता बोर्डावर दिवा लागंल, पण आवाज बिलकुल न्हाई येणार. मी वरून पट्टा बी लावून टाकलाय."

पप्पा बसले. चावी फिरवली.

टुंग. टुंग. टुंग.

अस्लमभाईंनी हातातल्या वायरकडे पाहिलं, मग सीटकडे. मग हळूच म्हणाले, "सर... तुम्ही उतरा जरा."

पप्पा उतरले नाहीत. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून समोर बघत बसले. माझ्या वडिलांच्या चेहऱ्यावर मी राग पाहिलाय, हट्ट पाहिलाय. भीती पहिल्यांदा पाहिली. मी खिडकीशी गेले. "पप्पा, बंद करा. राहू द्या." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आवाज चालूच. मग ते माझ्याशी नाही, अस्लमभाईंशीही नाही, समोरच्या काचेकडे बघत बोलले.

"मला डाव्या अंगाचं दिसत न्हाई. काचबिंदू हाये. दीड वर्ष झालं. डॉक्टरनं गाडी चालवू नका म्हणून सांगितल्तं."

आवाज थांबला.

इंजिन चालू होतं. वायर अस्लमभाईंच्या हातात होती. लिंबावर कावळा ओरडत होता, तेवढंच ऐकू येत होतं. पप्पांनी चावी काढली, माझ्या हातात दिली आणि खाली उतरताना दाराला धरून क्षणभर उभे राहिले. दीड वर्ष! म्हणजे आई होती तेव्हापासून. ती त्यांच्या डाव्या बाजूला बसून जालन्याला, संभाजीनगरला जात होती, आणि हा माणूस तिच्या बाजूचा रस्ता न दिसता गाडी चालवत होता. मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा वडिलांवर ओरडले, अस्लमभाईंच्या देखत. त्यांनी ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "तिला सांगितलं नव्हतं मी. तिला भ्या वाटलं असतं."

अस्लमभाईंनी प्लग परत जोडला. चहाला थांबले नाहीत.

रविवारी वाटूरची माणसं आली, त्यांना सीटा फार आवडल्या, आणि गाडी गेली. सेन्सरनं त्रास दिला होता हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. दोन-तीनदा फोन करून विचारलंही. "न्हाई हो मॅडम, एकदम बराबर चालू हाये," एवढंच उत्तर. पप्पा आता एसटीनं फिरतात, डोळ्यांत वेळेवर थेंब टाकतात. त्या शनिवारबद्दल त्यांचं मत ठाम आहे. कुठंतरी शॉर्ट होता, थांबण्याची वेळ योगायोगानं जुळली. कदाचित तसंच असेल. मी कंपनीच्या माणसालाही विचारलं. प्लग काढल्यावर असा आवाज का यावा, आणि एकच माणूस बसल्यावर का यावा, हे त्यालाही सांगता आलं नाही.

पण एक गोष्ट मी पप्पांना सांगितलेली नाही. शनिवारी संध्याकाळी, उजेड होता तेव्हाच, ते शेजारी गेलेले पाहून मी गाडीत जाऊन बसले. ड्रायव्हरच्या जागी. गाडी चालू केली, शेजारचा पट्टा सोडून ठेवला. सीट स्वच्छ, मऊ झाली होती. मी तिच्यावर हात ठेवला आणि — कशावरून विचारणाऱ्या घरातली मी — म्हणाले, "आई, मी आहे."

पंधरा मिनिटं बसले. काही वाजलं नाही.

पप्पांना तो आवाज का आला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मला का आला नाही, याचंही नाही. आणि खरं सांगते, मला या दुसऱ्या गोष्टीचंच जास्त वाईट वाटतं.