वरून ओता

कोंबडीच्या पंज्यांचा रस्सा कुठे शिकलात, असं कुणी विचारलं की मी म्हणते — असंच, बघून बघून. नातवंडं बोटं चाटतात, लेक दुसऱ्यांदा ताट पुढे करते, आणि मी ते कौतुक गुपचूप पदरात घेते. पण कुणाचं बघून, आणि ती बाई पुढे कुठे गेली, हे मी कधी कुणाच्या कानावर घातलं नाही. नवऱ्याच्या नाही, मुलांच्या नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा तेवढं गाळून बाकीचं बोलले. तुम्हाला आज सांगते आहे. का, ते विचारू नका — मलाच नीट माहीत नाही.

भिलाईत प्लांट उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. आम्ही भंडाऱ्याकडचे, शेतीतून उठून आलेलो. आमचे हे फर्नेसच्या बांधकामावर फिटर होते. सेक्टर सहात दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं, आणि भिंतीला भिंत लागून मेश्रामांचं. तेही आपल्याच मुलखातले, नागपूरकडचे. दीक्षा घेतलेलं घर, भिंतीवर बुद्धाचा फोटो. मेश्राम आमच्या ह्यांच्याच गँगमध्ये होते. दोघं एका सायकलवर कामाला जायचे, दुपारी दोन डबे एकत्र उघडायचे. आमच्या लाइनीत तेलुगू, बंगाली, पंजाबी, सगळे होते. मराठी बोलणारी बाई म्हणून मला एकच — सुशीलाबाई मेश्राम. मला ताई म्हणायची. माझ्या लेकीला तेल चोळून आंघोळ घालायची. मी तिच्या चुलीपाशी बसून भाकरी खाल्लेली आहे, तिनं माझ्या. एवढं लक्षात ठेवा.

मग हे मचाणावरून घसरले. पायाचं हाड मोडलं, प्लास्टर चढलं आणि माणूस खाटेला खिळला. अन्नावरची वासनाच गेली. मी वरण-भात भरवायला गेले की तोंड भिंतीकडे. दहा दिवसांत गालफडं आत गेली. तेव्हा सुशीलाबाई म्हणाली, "पंजे द्या ताई त्यायले. हाड जुळते त्यानं." बाजारातला कोंबडीवाला साहेबांच्या बंगल्यांवर कोंबड्या पोचवायचा. तिथे पंजे कुणी घेत नसे, ते हा बाजूला टाकायचा. ती जाऊन मागून आणायची.

तिचं करणं मी दारात उभी राहून पाहिलंय. आधी पंजे शेगडीच्या विस्तवावर फिरवायचे, मग कढत पाण्यात सोडायचे. पिवळं कातडं मोजा काढावा तसं सरसर निघून यायचं. नखांची पेरं सुरीनं एका घावात उडवायची. मीठ-हळद लावून पाट्यावर मसाला वाटायची — भाजलेलं खोबरं, कांदा, खसखस, आणि शेवटी रस्सा धरून यायला भाजलेलं ज्वारीचं पीठ. मंद आचेवर दोन तास. वर लाल तर्री, त्यावर मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. सगळं मला सांगत सांगत करायची. काही म्हणता काही लपवलं नाही तिनं.

आणि हे ते प्यायले! पहिल्याच दिवशी वाटी पुसून खाल्ली. म्हणाले, "काय चव हाये वं या बाईच्या हाताले!"

त्या दिवशी मला आनंद झाला. खरंच झाला — निदान त्या दिवशी तरी.

पण मग रोजचंच झालं. दिवस कलला की हे उशीला टेकून उठून बसायचे, नजर दाराकडे. "आली का?" असं विचारायचे. रस्सा आला का म्हणायचं असेल, मला कळत होतं. तरी ते 'आली का' माझ्या छातीत रुतायचं. तुम्हाला वाटेल, मला त्या दोघांचा संशय आला. छे! तसलं काही असतं तर भांडता तरी आलं असतं. मी जळत होते ते तिच्या हातावर. तीन महिने यांचं सगळं मी काढलं. अंग पुसणं, कूस बदलणं, खाटेवरचा संडास. त्याची चव कुणाला लागते का? आणि ती रश्श्याचा गंज, ते झाकणाचं पातेलं, घेऊन पाच मिनिटं येणार, आणि घरादाराचे चेहरे उजळणार. माझी लेकसुद्धा तिच्या पदराला धरून!

एकदा मीही करून पाहिलं. कोंबडीवाल्याकडे तिच्या आधी जाऊन पंजे आणले. घाईत कातडं अर्धंमुर्धं राहिलं, नखं काढायचं सुचलंच नाही. यांनी एक पंजा तोंडात धरला, नख दाताखाली आलं. वाटी हळूच खाली ठेवून म्हणाले, "राहू दे, आज भूक नाही." त्यांनी ओरडायला हवं होतं. त्या 'राहू दे'नं मी किती दिवस पेटत होते, काय सांगू?

मग प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलं. हे काठी टेकत घरी आले, लाइनीतल्या बायका गोळा झाल्या, आणि यांनी सगळ्यांसमोर सुशीलाबाईकडे हात करून म्हटलं, "हाड डाक्टरनं नाही, यायच्या रश्श्यानं जोडलं!" सगळ्या हसल्या. तीही हसली, लाजली. मी यांच्या मागे उभी होते, पडू नयेत म्हणून पाठीला हात देऊन. माझं नाव निघालं नाही.

त्याच संध्याकाळी ती गंज घेऊन आली. हे मागच्या अंगणात होते. दारात मी आणि ती, दोघीच.

एरवी मी तिच्या हातातून गंज घ्यायचे. त्या दिवशी मी आतून माझं पातेलं आणलं, उंबऱ्यावर ठेवलं, दोन पावलं मागे सरले. आणि म्हणाले —

वरून ओता.

दोनच शब्द. यात शिवी नाही, ओरडणं नाही. पण आपल्या मुलखातल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. गावाकडे त्यांच्या वस्तीला पाणी असंच मिळायचं, वरून. ते सगळं मागे टाकून ती माणसं इथवर आली होती. आणि वर्षभर एका चुलीपाशी जेवलेल्या बाईनं ते तिच्यापुढे पुन्हा ठेवलं.

शिवाशिवीवर माझा विश्वास होता का? नव्हता हो. असता तर निदान मूर्खपणा म्हणता आला असता. मला तिला दुखवायचं होतं, आणि कुठे मारलं की लागेल हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या जन्मानं ते हत्यार आयतं माझ्या हातात दिलं होतं. ते मी उचललं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पातेल्याकडे. म्हणाली, "हव, ताई." गंज वर उचलला आणि ओतला. धार हलली नाही, उंबऱ्यावर थेंब सांडला नाही. झाकण लावलं, गेली.

आणि तो रस्सा आम्ही खाल्ला. यांनी खाल्ला, मीही खाल्ला. पातेलं बोटानं पुसून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी हे उठून बसले, दाराकडे पाहत. मी सांगितलं, कोंबडीवाला आता पंजे देत नाही म्हणे. मग हे कामावर जायला लागले. आठवड्याभरात एका दुपारचा डबा तसाच परत आणला. म्हणाले, "मेश्राम दूर जाऊन बसते वं. बोलत नाही माह्यासंगं. म्या काय केलं असंन?" तेव्हा सांगता आलं असतं. सुशीलाबाईकडे जाऊन माफी मागता आली असती. त्यासाठी लांब जायचंही नव्हतं. दार तर शेजारीच होतं. मी भाकरी थापता थापता म्हणाले, "जाऊ द्या, असतात लोक तसे."

असतात लोक तसे! हे मी म्हणाले. त्यांच्याबद्दल.

मेश्रामांनी पुढे क्वार्टर बदलून घेतलं, दुसऱ्या सेक्टरला गेले. यांनी सामान उचलू लागायला हात पुढे केला तर मेश्राम म्हणाले, "राहू द्या." हे शेवटपर्यंत विचार करत राहिले की आपलं काय चुकलं. म्हातारपणी, आजारपणातही एकदा मेश्रामांचं नाव काढलं. मी औषधाचा चमचा पुढे केला.

एवढंच असतं तर कदाचित कधीतरी कुणाला सांगूनही टाकलं असतं. पण आणखी एक आहे.

ती माणसं गेल्यानंतरचा दुसरा की तिसरा उन्हाळा. मी साखरेसाठी रेशनच्या रांगेत उभी होते. मे महिन्याचं ऊन, धाकटा पोटात. डोळ्यांपुढे अंधारी आली, मी मटकन खाली बसले. "पाणी, पाणी," असं कुणीतरी ओरडलं. रांगेतून एक बाई फिरकीचा तांब्या घेऊन पुढे आली. सुशीलाबाई. केस थोडे पांढरे झाले होते. माझ्या पोटाकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं. रागाचं काही दिसलं नाही. मी तांब्या घ्यायला हात पुढे केला, तर तिनं तो मागे घेतला.

"ओंजळ धरा बाई," ती म्हणाली. "तुमच्यात शिवलेलं चालत नाही न. मले मालूम हाये."

ताई नाही म्हणाली.

सगळी रांग ऐकत होती. मला एवढंच म्हणायचं होतं की चालतं, तेव्हाही चालत होतं. जिभेवर आलंही होतं. आणि मला वाटलं, मग लोक विचारतील, तर ही बाई असं का म्हणते?

मी ओंजळ धरली. तिनं वरून पाणी ओतलं, आणि मी प्याले.