केळवणांवर कमावलेलं अंदमान

आमच्या लग्नाचा खर्च दोन्हीकडच्या आईबापांनी वाटून घेतला, पण हनिमूनचं नाव काढलं की दोन्ही घरांत सगळ्यांना अचानक कमी ऐकू यायचं. आई तर म्हणाली, "आम्ही कुठे गेलो होतो लग्नानंतर? तुझ्या मावशीकडे, तेही पोहे पोचवायला." म्हणजे अंदमानचे पैसे आम्हालाच उभे करायचे होते. मी बोरिवलीची, तो नाहूरचा. नुसतं भेटायचं म्हटलं तरी रिक्षा, कॉफी आणि मॉलमधल्या पॉपकॉर्नपायी अंदमानचं एकेक बेट बुडायचं.

मग माझ्या सुपीक डोक्यात केळवणं आली.

आमच्या कोकणातल्या माणसांचं असं आहे, की ठरलेल्या नवरीला घरी बोलावून जेवायला घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. वर जाताना हातात साडी नाहीतर पाकीट. मी फर्मान काढलं, यापुढे भेटायचं ते केळवणालाच! आम्ही जोडीनेच येणार, असं सगळ्यांना कळवलं. साड्यांचाही बंदोबस्त केला. मला नव्या साडीच्या खळीची ॲलर्जी आहे, अंगावर सुपारीएवढ्या गांधी उठतात, ही बातमी मी एकाच मावशीला सांगितली. दुसऱ्या दिवशी दहिसरपासून मुलुंडपर्यंत सगळ्यांनी पाकिटं आणून ठेवली.

रविवारी दुपारी घाटकोपर, संध्याकाळी भांडुप. कोंबडी-वडे, तिसऱ्यांचं सुकं, भरली पापलेटं, वर सोलकढीचे तांबे. कुठल्याही काकूने "आणखी एक वडा?" विचारलं की मी डोळ्यांनी नवऱ्याकडे बोट दाखवायचे आणि तो बिचारा घ्यायचा. माणूस पहिल्यांदा भेटला तेव्हा इतका बारीक होता, की त्याच्या आरपार मी समोरच्या मेडिकलची पाटी वाचली होती. दोन महिन्यांत त्याच्यामागे अख्खं मेडिकल दिसेनासं झालं.

चूक एकच झाली. शेरवानी आम्ही शहाण्यासारखी केळवणं सुरू व्हायच्या आधीच शिवून घेतली होती. लग्नसराई नसताना शिलाई स्वस्त पडते ना!

लग्नाच्या आठवडाभर आधी टेलरकडे ट्रायल झाली. नवऱ्याने श्वास सोडला आणि वरचं बटण सुटलं, ते पंख्याला लागून थेट टेलरच्या चहात पडलं. खोटं वाटत असेल तर त्याला विचारा, कप दाखवेल.

"मॅडम, शिवणीत दाबलेली सगळी माया उसवली," टेलर म्हणाला. "आता कापड नाही, साहेबच कमी करावे लागतील."

"यार, मी आठवडाभर जेवतच नाही," नवरा म्हणाला.

"उद्या तुझ्या काकीकडे कोंबडी-वडे आहेत."

त्याने बोटांवर दिवस मोजले. "मग परवापासून."

सासूबाईंनी निकाल दिला, "नवीन घ्या. अंदमान काय पळून जातंय? मुलगा स्टेजवर बनियनवर उभा राहणार का?" दोन्ही घरांचे पैसे हॉलवाल्याने आणि केटररने आधीच गिळले होते. उरली होती ती फक्त आमची पाकिटं. नवीन शेरवानी म्हणजे विमानाची तिकिटं गेलीच.

मी तडक वर्सोव्याहून बोट पकडून मढला मामाकडे गेले. मामा तिथल्या बंगल्यांत मालिकांच्या शूटिंगला कपडे पुरवतो. त्याने पेटीतून एक मरून शेरवानी काढली. सोनेरी जर, खांद्यावर मोर आणि माप असं, की कमरेत अजून दोन केळवणं मावली असती.

"फुकट," मामा म्हणाला. "फक्त मटणाचा रस्सा सांडू नका."

रिसेप्शनला नवरा संस्थानिक दिसत होता. मी मनातल्या मनात अंदमानला पोचलेसुद्धा. तेवढ्यात त्याची मालवणची आत्या आहेर द्यायला स्टेजवर चढली आणि त्या मोरावर बोट ठेवून किंचाळली, "अगो बाय माझे! ह्याच शेरवानीत तो जावय मेलो मां काल! विष पिऊन, मंडपातच!"

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक. "काढ! आधी काढ ती! खाली दुकान आहे, मिळेल ती नवीन घेऊन या. सूनबाई, तुझ्या फोनवरून पैसे दे."

माझ्या फोनमध्ये फक्त अंदमान होतं. मी पदर खोचला.

"आत्या, तुम्ही मालिकेच्या कालच्या भागाची शेवटची दोन मिनिटं बघितलीच नाहीत वाटतं?"

आत्या गडबडली. "गॅसवर दूध होतां मां."

"मग! तो मेलाच नाहीये. हे माझे मामा, त्याच शूटिंगला असतात. विचारा!"

मामाच्या तोंडात गुलाबजाम होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, गुलाबजाम गिळला आणि गंभीरपणे म्हणाला, "विष नव्हतंच ते. कोकम सरबत. सोमवारी उठतो."

"खरां?" आत्याचा चेहरा असा फुलला, की आहेराच्या पाकिटात तिने तिथल्या तिथे आणखी एक नोट घातली. हॉलमधल्या सगळ्या बायका मामाभोवती जमल्या, फोटोची रांग मोडली आणि सासूबाईसुद्धा "त्या जावयाची खरी आई कोण हो?" विचारायला तिकडे गेल्या. शेरवानी नवऱ्याच्या अंगावर राहिली आणि पैसे माझ्या फोनमध्ये.

निघताना मामा कानात कुजबुजला, "वेडे, त्या नटाने मालिका सोडली गं. दहावासुद्धा शूट झालाय त्याचा."

सोमवारी आम्ही अंदमानच्या निळ्याशार पाण्यात गुडघाभर उभे असताना आत्याचा व्हिडिओ कॉल आला. "अगो, नाय उठलो तो! आज तर दहावो झालो!"

नवऱ्याने घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"दहावा झाला ना? मग आता पुनर्जन्म," मी म्हणाले. "थोडी कळ काढा, आत्या."

"आणि ह्या वेळेक कोणाच्या घरात?" आत्याने विचारलं.

"ते मामालाच माहीत," म्हणून मी फोन बंद केला आणि नवऱ्याचा हात धरून पाण्यात आणखी आत शिरले. परतायला अजून अवकाश होता. तोवर मामाला काहीतरी सुचेलच.